शब्दचर्चा : 'चेता', 'चेत्निक', 'हायदुक' यांना मराठीत काय म्हणावं?

प्रस्ताव

नमस्कार. चेलोपेकच्या झुंजीवर एक टिपण लिहिते आहे. १६ एप्रिल १९०५ रोजी कुमानोवोजवळच्या टेकड्यांवर, म्हणजे आजच्या उत्तर मॅसिडोनियात, सर्बियन सशस्त्र गट आणि ऑटोमन फौज यांची गाठ पडली आणि त्या दिवशी सरशी सर्बियन गटांची झाली. मुलूख तेव्हा सुलतानाच्या ताब्यात होता. घटनाक्रम लिहून झालाय, अडलंय ते शब्दांवर.

अशा गटाला सर्बियन भाषेत 'चेता' म्हणतात, त्यातल्या माणसाला 'चेत्निक' आणि म्होरक्याला 'वोयवोदा'. आपल्याकडच्या लिखाणात सरसकट 'बंडखोरांच्या टोळ्या' येतं. मला ते पटत नाही. 'टोळी' म्हटलं की दरोडेखोर डोळ्यांपुढे येतात. 'तुकडी' म्हटलं की सरकारी फौज, पगार, हजेरीपट. 'बंडखोर' हा तर ज्याच्याविरुद्ध बंड झालं त्याच्या तोंडचा शब्द. शिवाय लढण्याच्या त्या रीतीला 'गनिमी कावा' म्हणायचं का? जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

गनिमी काव्यापासून सुरू करतो. 'गनीम' अरबी-फारसीतून आलेला. मूळ धातू लुटीशी जोडलेला, पण आपल्याकडे रूढ अर्थ शत्रू. मुघलांचे फारसी लेखक मराठ्यांना गनीम म्हणत आणि मराठी कागदांत मुघलही गनीमच. 'कावा' म्हणजे घोडा गोल फिरवणं, त्यावरून हुलकावणी. म्हणजे या शब्दात घोडा आहे, मोकळं रान आहे, वेगाने येऊन वेगाने पसार होणं आहे.

चेत्निक पायी चालणारे. रात्री डोंगरवाटांनी सरकायचं, दिवसा गावात किंवा रानात दडायचं. त्यांच्या लढाईत हुलकावणी होती, कावा घेणारा घोडा नव्हता. तरीही शब्द वापरायला माझी हरकत नाही. आज मराठी वाचकाला त्यातला घोडा दिसत नाही, थोड्यांनी पुष्कळांशी लढण्याची रीत दिसते. फक्त गनिमी कावा म्हटल्याबरोबर सह्याद्री आणि शिवकाळ आपोआप आठवतो. टिपणात एकदाच, रीत समजावताना वापरा. प्रत्येक चकमकीला तो चिकटवलात तर बाल्कनचा डोंगर वाचकाला दिसणारच नाही.

जाता जाता: युरोपात या रीतीला रूढ झालेला शब्द स्पॅनिश, 'गेरिया', अर्थ 'लहान युद्ध'. तो गाजला १८०८ ते १८१४ च्या नेपोलियनविरुद्धच्या लढ्यात. सर्बियातला पहिला उठाव १८०४ ते १८१३ चा. दोन्ही एकाच काळात चालू होते, पण सर्बांना परक्या शब्दाची गरज नव्हती. त्यांच्याकडे 'चेतोवान्ये' म्हणजे चेता घेऊन मोहिमेवर जाणं आणि 'हायदुकोवान्ये' म्हणजे हायदुक (सत्तेला न जुमानता रानात गेलेला सशस्त्र माणूस) म्हणून रानात राहणं, ही क्रियानामं होती.

प्रतिसाद २

हायदुकाबद्दल थोडं. हंगेरियनमध्ये 'हायदू' म्हणजे गुरं हाकत दूरवर नेणारे लोक, पुढे त्यांतूनच भाडोत्री शिपाई झाले. तुर्कीत 'हायदुत' म्हणजे दरोडेखोर. सर्बियन लोकगीतांत हायदुक म्हणजे जुलमाविरुद्ध रानात गेलेला वीर. माणूस तोच, सरकारी कागदात चोर आणि गाण्यात नायक. म्हणून 'डाकू' नको आणि 'क्रांतिवीर'ही नको. हायदुकच ठेवावं, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्यावा.

सर्बियन म्हण अशी: जुर्जेवदान म्हणजे हायदुकांची भेट, मित्रोवदान म्हणजे हायदुकांची ताटातूट. संत जॉर्जचा सण नव्या पंचांगाने ६ मेला, संत दिमित्रीचा ८ नोव्हेंबरला. मे महिन्यात झाडं पालवलेली, लपायला आडोसा, तेव्हा एकत्र यायचं. पानगळ झाली, बर्फ पडायला लागलं की पांगायचं. आपल्याकडे नेमकं उलट. पावसाळा सरला, नद्या उतरल्या की दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीला निघायचं. त्यामुळे त्यांच्या मोसमाला 'मुलुखगिरीचा हंगाम' म्हटलं तर मराठी वाचक ऑक्टोबर समजेल. महिना स्पष्ट लिहाच.

प्रतिसाद ३

'चेता'साठी 'जथा' कसा वाटतो? त्यात गुन्हेगारीचा वास नाही, सरकारी शिस्तही नाही. 'पथक'ही चालेल, पण आज पथक म्हणजे ढोलपथक नाहीतर पोलिसांचं भरारी पथक.

'वोयवोदा'चे दोन तुकडे: 'वोय' म्हणजे सैन्य, 'वोद' म्हणजे नेणं. सैन्य नेणारा. पण ऐन मॅसिडोनियात हा माणूस बहुधा काही डझन लोकांचा पुढारी होता, त्याला 'सेनापती' म्हटलं तर प्रमाण बिघडतं. मला 'नाईक' जवळचा वाटतो. 'नायक'मध्येही नेण्याचाच धातू आहे आणि उमाजी नाईकांमुळे डोंगरात राहून सत्तेशी झुंजणारा नाईक मराठी माणसाला नवा नाही. मात्र टिपणात नाव 'वोयवोदा' ठेवून शेजारी 'जथ्याचा नाईक' असं एकदा सांगावं, म्हणजे कुणी त्याला पुरंदरचा समजणार नाही.

प्रस्तावक

जथा आवडला. 'चेत्निक' मात्र तसाच ठेवावा असं वाटतंय. कुणाला हरकत?

प्रतिसाद ४

ठेवा, पण साल जोडून. आज हा शब्द ऐकला की बहुतेकांना दुसऱ्या महायुद्धातले द्राझा मिहायलोविच यांचे चेत्निक आठवतात. त्यांच्यातल्या अनेक गटांनी अक्षराष्ट्रांशी हातमिळवणी केली आणि मुसलमान व क्रोएट वस्त्यांवर भयंकर अत्याचार केले. १९९० च्या दशकातल्या युद्धांतही हे नाव पुन्हा मिरवलं गेलं. बोस्नियातल्या माणसासमोर 'चेत्निक' हा शब्द सहज उच्चारता येत नाही. १९०५ चे लोक वेगळे. बेलग्रेडमध्ये १९०३ साली त्यांची समिती उभी राहिली. त्यात डॉ. मिलोराद गोजेवात्स, व्यापारी लुका चेलोविच, जनरल योवान आतानात्स्कोविच अशी माणसं होती. १९०८ साली तरुण तुर्कांची क्रांती झाली, तेव्हा जथ्यांनी शस्त्रं खाली ठेवली. 'समितीच्या काळातले चेत्निक' असं लिहिलंत तर गोंधळ टळेल.

आणखी एक, आणि यावर मी अडून बसणार आहे. 'मुक्तिसेना' कृपया लिहू नका. हे जथे फक्त तुर्कांशी लढत नव्हते. त्याच मुलखात बल्गेरियन जथे होते, दक्षिणेला ग्रीक होते, आणि गाव कुणाचं, चर्च कुणाचं, शाळा कुणाची यावरून ते एकमेकांवरही तुटून पडत. मधल्या मध्ये भरडला गेला शेतकरी. आज एक जथा भाकरी मागायला येणार, उद्या दुसरा त्या भाकरीचा जाब विचारायला. 'मुक्ती' शब्द घातला की हा शेतकरी टिपणातून नाहीसा होतो.

प्रतिसाद ५

ऑटोमन बाजूचे शब्दही तपासा, तिथे मराठी माणसाला जास्त सापळे आहेत, कारण शब्द ओळखीचे वाटतात.

'निझाम' म्हणजे त्या काळच्या ऑटोमन सैन्यातला खडा सैनिक. मराठीत 'निजाम आले' लिहिलंत तर वाचक हैदराबादला पोचेल. 'खडं सैन्य' म्हणा. 'बाशीबोझुक' म्हणजे बेशिस्त, बिनवर्दीचे, लुटीवर जगणारे. त्याला 'शिबंदी' म्हणू नये, शिबंदीला पगार असतो. आपल्या इतिहासात त्यांच्या जवळ जाणारे पेंढारी. 'स्पाहिया' आणि आपला 'शिपाई' एकाच फारसी शब्दाची लेकरं, पण सर्बियन शेतकऱ्याच्या तोंडी स्पाहिया म्हणजे घोडेस्वार जमीनधारक, त्याच्याकडून वसूल घेणारा, आणि आपल्याकडे शिपाई म्हणजे कचेरीत फाइली नेणारा. 'चाऊश' (सैन्यातला हवालदारासारखा हुद्दा) मात्र मराठवाड्याला परका नाही, तिथे 'चाऊस' हे आडनावच आहे. तुर्क सगळ्याच जथ्यांना, मग ते कुणाचेही असोत, 'कोमितजी' म्हणत, म्हणजे समितीवाला. शेवटचा प्रत्यय तोच, जो आपल्या तोपची, मशालची, नगारची यांत आहे.

सगळ्यांत नाजूक शब्द 'राया', आपला 'रयत'. ऑटोमन व्यवस्थेत मुळात सारी करदाती प्रजा, पण पुढे व्यवहारात मुख्यतः बिगर-मुस्लिम प्रजा, आणि उच्चारात तुच्छता. मराठीत रयत म्हटलं की आपुलकी येते. रयतेचं राज्य म्हणतो आपण. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली शिक्षणसंस्था काढली, तिचं नाव अभिमानाने 'रयत' ठेवलं. म्हणून सर्बियन मजकुरातल्या 'राया'चं भाषांतर 'रयत' केलं की अर्थ बरोबर येतो आणि त्यातला अपमान पार पुसला जातो. अपमान दाखवायचा असेल तर 'प्रजेतली खालची माणसं' असं फोडून सांगावं लागेल.

प्रतिसाद ६

'लढाई' की 'झुंज'? सर्ब स्वतः चेलोपेकला 'बोर्बा' म्हणतात. त्याच कुमानोवोजवळ २३ आणि २४ ऑक्टोबर १९१२ रोजी सर्बियाच्या राजाची फौज ऑटोमन सैन्याशी भिडली, तिला मात्र 'बित्का'. तेव्हा चेलोपेकची झुंज आणि कुमानोवोची लढाई, हा फरक मराठीत सहज ठेवता येतो. 'चकमक'ही हाताशी आहे. तो शब्द तुर्कीच, 'चाकमाक' म्हणजे ठिणगी पाडायचं पोलाद. पण चेलोपेकमध्ये अनेक जथे एकत्र होते, त्यामुळे चकमक अपुरा पडेल.

'बंड' आणि 'उठाव' यांतही त्यांच्याकडे असाच भेद आहे: 'बूना' आणि 'उस्तानाक'. १८०४ ला उठलेले लोक सुरुवातीला म्हणत होते की आम्ही सुलतानाविरुद्ध नाही, बेलग्रेड बळकावून बसलेल्या 'दाहीं'विरुद्ध, म्हणजे सुलतानाला न जुमानणाऱ्या जानिसरी सरदारांविरुद्ध आहोत. तेव्हा ती बूना. सुलतानाची फौजच चालून आली आणि ऑगस्ट १८०५ मध्ये इवान्कोवात्सला ती अडवली गेली, तिथून पुढे 'उस्तानाक' शोभतो. १८५७ ला काय म्हणायचं यावर आपण अजून भांडतो, तेव्हा हा वाद आपल्याला परका वाटू नये.

प्रस्तावक

'यातक' राहिला. हायदुकांना आणि नंतर चेत्निकांना घरात लपवणारा माणूस. तुर्कीत 'याताक' म्हणजे बिछाना. मराठीत 'आश्रयदाता' फार दरबारी वाटतं.

प्रतिसाद २

'थारा देणारा' म्हणा. घरातला थारा, सगळं त्यात आलं. याचं वजन कळायला वेलिका होचा बघा. मे १९०५, कोसोवो. लाझार कुयुनजिच आणि सावातिये मिलोशेविच यांचा जथा एका अल्बेनियन माणसाच्या घरात होता. ऑटोमन सैन्याने घर वेढलं आणि जथा तिथेच संपला. सांगतात की लाझारच्या आईला ओळख पटवायला आणलं, तेव्हा गावावर संकट नको म्हणून 'हा माझा नव्हे' असं ती म्हणाली. अल्बेनियन लोकांत पाहुण्याला दिलेल्या वचनाला 'बेसा' म्हणतात. त्याला 'इमान' पुरेल, पण 'बेसा' ठेवून खुलासा केलात तर जास्त बरं.

प्रस्तावक

सगळ्यांचे आभार. पहिला परिच्छेद असा केलाय: 'एप्रिल १९०५ मध्ये समितीच्या काळातल्या चेत्निकांचे काही जथे, आपापल्या वोयवोदांच्या मागे, कुमानोवोच्या मुलखात शिरले. सुलतानाच्या शिपायांनी त्यांना चेलोपेकला गाठलं. तिथे झालेली झुंज सर्बियन जथ्यांनी जिंकली. त्यांना थारा देणाऱ्या गावांना मात्र पुढेही दोन्हीकडून जाब द्यावा लागला.'

प्रतिसाद ५

'शिपायांनी' काढून 'खड्या सैन्याने' करा, बाकी छान जमलंय. आणि 'दोन्हीकडून'ऐवजी 'सगळ्यांकडून', कारण बल्गेरियन जथेही तिथेच होते.