लॉकर असला म्हणून विषय संपत नाही

वारणाकाठ

डिझेल दादांनी काल लिहिलेलं वाचलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सातारा-सांगलीत फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या) गाड्यांत थार सोडून बाकी सगळी खेळणी, जिम्नीवाल्यांनी कास रोडला फोटो काढून घरी जावं, शिराळ्याच्या चिखलात उतरू नये, आणि मागं लॉकर (दोन्ही चाकं जखडून एकसारखी फिरवणारी यंत्रणा) आहे म्हणजे विषय संपला. सोडून देणार होतो. पण खाली ढीगभर लोकांनी अंगठे दाखवलेत, म्हणून लिहितोय.

दादा, थारचा मेकॅनिकल लॉकर मागच्या अॅक्सलवर आहे आणि तो आपोआप लागतो. म्हणजे कसा, तर मागच्या दोन चाकांच्या वेगात फरक पडला पाहिजे. एक चाक गरगरलं की मग तो पकडतो. दगडात एक चाक अधांतरी गेलं तर झकास काम करतो, त्याबद्दल वाद नाही. पण काळ्या रानात ते चाक गरगरतं तेवढ्या वेळात वीतभर खाली गेलेलं असतं. शिवाय हा लॉकर सगळ्या थारना येत नाही. ज्यांना नाही त्यांचं ब्रेकवर भागतं: मोकळं फिरणारं चाक ब्रेकने धरायचं आणि ताकद दुसऱ्याकडे पाठवायची. जिम्नीत हेच आहे. म्हणजे ज्या वस्तूला हसताय ती तुमच्यातल्या कित्येकांच्या बुडाखाली आहे. आणि २०२३ पासून टू-व्हील-ड्राइव्ह थारही मिळते. ती घेऊन कराडच्या चौकात मिशीला पीळ देणाऱ्यांनी तर इथं बोलूच नये.

आता वजन. जिम्नी बाराशे किलोच्या आसपास, थार दीड टनाच्या वर, फोर्सची गुरखा दोन टनांच्या घरात. आपली माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत भरते आणि दहा पावलांत टायरचा गुळगुळीत गोटा होतो. तिथं तुमचा ३०० न्यूटन-मीटरचा टॉर्क (चाक फिरवायचा जोर) काय करणार? खड्डा खोल करणार, दुसरं काय.

गेल्या श्रावणात शिराळ्याकडच्या एका पाणंदीत आमची जिम्नी एटी टायर (खडबडीत वाटेसाठीचे), हवा कमी करून १८ पीएसआय, फोर-लोचा (चारही चाकांना ताकद, वेग कमी) दुसरा गिअर, अशी न थांबता निघाली. मागं मित्राची थार होती. हौसेनं घातलेले मोठे अलॉय, त्यावर रस्त्याचे बसके टायर. पहिल्याच वळणाला पोट टेकलं. ट्रॅक्टर बोलावून टोचन लावलं. ट्रॅक्टरवाल्यानं पैसे घेतले आणि वर ‘ह्येला फोर बाय फोर म्हणत्यात व्हय?’ हे फुकटात दिलं.

डिझेल दादा

सगळं वाचलं. एका गाडीला एटी टायर आणि हवा कमी केलेली, दुसरीला वरातीचे टायर, आणि निकाल गाडीवर? वा! हाच पुरावा असेल तर मी एटी टायर घालून येतो, तुम्ही जिम्नीला कंपनीचे हायवे टायर लावून या. १९५ चे. जागा तुम्ही ठरवा.

पोट टेकण्यावर तर तुम्ही बोलूच नका. जिम्नीला पाच दारं करण्याच्या नादात दोन अॅक्सलमधलं अंतर २५९० मिमी झालं, तीन दारी थारचं २४५० आहे. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची जागा, तुमचा २१०, माझा २२६. बांध ओलांडताना आधी कोण अडकणार ते शाळेतलं पोरगं सांगेल.

आणि सगळं जग म्हणजे शिराळ्याची पाणंद नव्हे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या आतल्या वाटांना तंबू, पाणी आणि माणसं भरून चढा एकदा. १३४ न्यूटन-मीटरचं पेट्रोल इंजिन ओरडून ओरडून सगळ्या पठाराला कळवतं की पाव्हणं आलेत. आम्ही दुसऱ्या गिअरवर गाणी ऐकत जातो. पाच दारं आणि माणसं चार, ही कसली गाडी?

वारणाकाठ

तीन दारी थारमध्येही चारच बसतात, दादा. दारं मोजून भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

जुना जिप्सीवाला

तुम्हा दोघांचं वाचून हसू आलं. तुम्ही ज्याला टायर म्हणता त्याच्यातच गोची आहे. काळ्या मातीत रुंद टायर आणि कमी हवा हे वाळूचं शास्त्र इथं आणून चिकटवलंय. आपल्याकडं वरचा थर राडा असतो आणि खाली मुरूम. अरुंद टायर, हवा भरपूर, म्हणजे चाक चिखल कापत खाली जातं आणि मुरमाला पकडतं. जुन्या जीपला बारीक टायर का होते? हौस म्हणून नव्हते.

जिप्सी १९८५ सालची चीज. टनभर वजन, पुढं-मागं अखंड अॅक्सल, गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पाटे, लॉकर-बिकर काही नाही, स्क्रीन नाही, आरडाओरडा करणारा सेन्सर नाही. सैन्यानं उगाच वापरली नाही. पाटण खोऱ्यात भर पावसात भाताच्या खाचरांच्या कडेनं मी ती नेली आहे, तीही मुद्दाम मजा म्हणून नव्हे, कामासाठी. बसणाऱ्याच्या मणक्याचं काय होतं ते विचारू नका. मंडळी हल्ली एसटीनं येतात.

वारणाकाठ

खाली मुरूम असेल तिथं काकांचं बरोबर. कृष्णेच्या काठावर मळईच्या (पुराच्या गाळाच्या) रानात मुरूम शोधत खाली गेलात तर पाताळ लागेल, मुरूम नाही. तिथं तरंगावंच लागतं. बाकी पाट्यांबद्दल सहानुभूती.

गुरखा एकटाच

कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पुढं आणि मागं दोन्हीकडं लॉकर, दोन्ही हातानं लावायचे. चिखलात शिरायच्या *आधी* लावायचे. चाक गरगरण्याची वाट बघायची नाही, ब्रेकनं धरून ठेवायची भानगड नाही. धागाकर्त्याच्या सगळ्या तक्रारीला हे उत्तर आहे आणि ते पुण्याच्याच कंपनीचं आहे. पाण्यातून जायची क्षमता ७०० मिमी, थारची ६५०. नाकाडं वर काढलेला स्नॉर्केल (इंजिनाची हवेची नळी) कंपनीतूनच.

डिझेल दादा

आणि पुढचा लॉक लावल्यावर गाडी वळते का?

गुरखा एकटाच

नाही वळत. सरळ जाते. पाणंद सरळ असते.

डिझेल दादा

कुठल्या जिल्ह्यात?

बांधकरी

शेतकरी माणूस आहे, मध्ये तोंड घालतो. ‘पाणंद, पाणंद’ काय चालवलंय मघापासून? ती पाणंद आमच्या दूधवाल्याची आहे. पोरांच्या शाळेची आहे. दर पावसाळ्यात रविवारी तुमच्या सात-आठ गाड्या येतात, मोबाईल उंच धरून चिखल उडवतात आणि जातात. मागं राहतात गुडघाभर चाकोऱ्या. त्यात पाणी साचतं ते दिवाळीपर्यंत हलत नाही. सोमवारी दुधाचा टेम्पो फाट्यावर थांबतो आणि आम्ही कॅन डोक्यावर घेऊन जातो. जिम्नी तरते का थार बुडते, आम्हाला काय देणंघेणं? दोघांच्याही चाकोऱ्या सारख्याच.

डिझेल दादा

पाणंद सरकारी रस्ता आहे, भाऊ. गाडी चालवायला बंदी आहे का? आणि चाकोऱ्या आमच्याच का दिसतात? उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात, तेव्हा पाणंदीचा काय बगीचा होतो?

बांधकरी

हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, तवर जमिनीला वाफसा आलेला असतो. वाळलेल्या वाटेवर ट्रॉली गेली तर धूळ उडते, रस्ता दबतो. तुम्ही आषाढात ओल्या वाटेचं काळीज काढता. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं टायरवर निबंध लिहू नयेत. आणि ट्रॉलीतला ऊस आमचा असतो. तुमच्या गाडीत काय असतं, वेफर?

मिरजेची मिरची

टाळ्या. पण बांधकरी, अर्धी गोष्ट सांगताय. पाणंदीची ही गत व्हायला बांधावरची माणसंच पहिली जबाबदार. नकाशात तेहतीस फुटी दिसणारी वाट जागेवर आठ फूट सापडते. बाकीची कुठं गेली? दर नांगरटीला नांगराच्या एका सरीएवढी माती आपल्याकडं ओढली. माझ्या माहेरी तासगावकडं सख्ख्या चुलत्यानं वाटेत हरभरा पेरला होता. बाबांनी तहसीलदारांकडं अर्ज केला, तारखा पडत राहिल्या, चुलते तोवर हरभरा काढून मोकळे झाले.

बांधकरी

तुमच्या चुलत्याचं पाप माझ्या माथी कशाला?

मिरजेची मिरची

माथी मारत नाही, रस्ता सांगते. चालू वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, नाहीतर दार बंद. वाटच नसेल आणि बांधावरून नवीन हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडंच. लोक पाच वर्षं भांडतात, डोकी फोडतात आणि मग विचारतात अर्ज कुठं करायचा.

जुना जिप्सीवाला

आमच्या भावकीतही असंच झालं. १४३ चा निकाल आमच्या बाजूनं लागला, मोजणी झाली, दगड रोवले. सकाळी दगड गायब. निकालाचा कागद अजून कपाटात आहे, वाट नाही. गाडी चालवायला रस्ता तरी पाहिजे ना, लॉकर पुढं की मागं हे नंतर.

वारणाकाठ

मंडळी, धागा गाड्यांचा आहे.

मिरजेची मिरची

होता.

डिझेल दादा

ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. म्हणजे आठ फुटांत गुरखा, थार आणि दुधाचा टेम्पो समोरासमोर आले की दोष गाडीवाल्याचा. बांध कोरणाऱ्याचा नाही. वा रे न्याय.

बांधकरी

बांध कोरणारा चोर आहेच, मी कधी नाही म्हटलं? पण त्याच्या चोरीमुळं तुम्हाला उरलेल्या आठ फुटांचा राडा करायचा परवाना मिळत नाही. तुम्हाला चिखलच पाहिजे तर स्वतःचं रान घ्या, पाणी सोडा आणि लोळा म्हशीसारखं. कोण नाही म्हणणार?

डिझेल दादा

भाषा सांभाळा. पुरात हीच ‘लोळणारी’ माणसं कामाला येतात. २०१९ ला सांगलीत पाणी शिरलं तेव्हा आमच्या ओळखीतल्या चार-दोन गाड्यांनी औषधं आणि दूध पोचवलंय.

बांधकरी

पुरात आमच्याकडं ट्रॅक्टर आला होता, बोट आली होती. थार आली असेल तर आभारी आहे. त्याबद्दल दर रविवारी पाणंद नांगरून द्यायची का?

वारणाकाठ

दादा, इथं मी बांधकऱ्यांच्या बाजूचा. आमच्यातल्या बऱ्याच जणांना चाक फिरवल्याशिवाय करमत नाही. खरं तर फोर-लो टाकून पाय हलका ठेवून गेलं तर वाट एवढी फाटत नाही. फाटते ती फर्स्टला रेस देऊन चिखलाचं कारंजं उडवताना. ते कारंजं गाडी चालवण्यासाठी नसतं, व्हिडिओसाठी असतं.

डिझेल दादा

घ्या, आता तुम्हीही पुढारी झालात. बरं, एक मान्य करतो, लिहून घ्या, परत म्हणणार नाही: काळ्या रानात टायर आणि वजन आधी, लॉकर नंतर. जिम्नीला खेळणं म्हणणार नाही. लहान गाडी म्हणेन. पण जांभ्याच्या चढाला, शेवाळलेल्या दगडांवर, एक चाक अधांतरी असताना तुमची ब्रेकवाली करामत जरा थांबून, विचार करून काम करते आणि माझा लॉकर करून मोकळा होतो. हे तुम्ही कधी मान्य करणार?

वारणाकाठ

दगडात मान्य आहे, सुरुवातीलाच लिहिलंय. वाचलं असतंत तर एवढा चिखल झाला नसता.

गुरखा एकटाच

दगडातही दोन लॉकर एकापेक्षा बरे. नोंद घ्यावी.

रॉक्स कराडकर

नवीन आहे इथं. रॉक्स (पाच दारी थार) घ्यायचा विचार चाललाय. डिझेलमध्येच फोर बाय फोर येते हे कळलं, बजेट हललं. २८५० चा व्हीलबेस (दोन अॅक्सलमधलं अंतर) पाणंदीत वळेल का?

जुना जिप्सीवाला

वळेल. बांधकऱ्यांच्या उसातून.

बांधकरी

माझ्या उसात टायर शिरलं तर भरपाई टनावर घेईन, गुंठ्यावर नाही. तरीही यायचंच असेल तर येताना प्रत्येक गाडीनं मुरमाची चार पोती टाकायची, मोठ्या चाकोरीत. मग वर्षभर या, चहा देतो.

डिझेल दादा

चार पोती? मागच्या सीटवर?

गुरखा एकटाच

माझ्यात दहा बसतील.

वारणाकाठ

मी दोन आणतो. लहान गाडी आहे.