व्हाइस सिटी सरस की सॅन अँड्रियास? (लहानपणीच्या आठवणी बाजूला ठेवून बोला)

रिकामटेकडा: दिवाळीच्या सुट्टीत जीटीए मालिकेतला व्हाइस सिटी (२००२) हा गेम परत लावला. १९८६ चं शहर, निऑनच्या पाट्या, गाडीतला रेडिओ... अजूनही झकास. त्याच मालिकेतल्या सॅन अँड्रियासमध्ये (२००४) शहरं तीन, पण जिमला जा, वेळेवर जेव, विमानाचा क्लास लाव. गेम आहे की उन्हाळी शिबिर? माझं मत व्हाइस सिटीला. आटोपशीर आहे.

बुडीत_खातं: समुद्रकाठी राहणारा हिरो पाण्यात पडला की खलास, हे सरस? आणि ते रिमोटच्या हेलिकॉप्टरचं मिशन! चार मजल्यांवर चार बॉम्ब ठेवायचे, एक हुकला की पहिल्यापासून. कीबोर्ड आपटलाय मी त्यापायी.

रिकामटेकडा: पोहण्याचं मान्य. हेलिकॉप्टरचं नाही. पहिला बॉम्ब उचलेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही, आधी निवांत पहारेकरी आडवे करायचे. तुमच्या सॅन अँड्रियासमधल्या, बाइकवरून आगगाडीचा पाठलाग करायच्या मिशनचं काय? मागे बसलेला साथीदार बिग स्मोक गोळ्या हवेत घालवणार आणि वर शिव्या आपल्याला.

बुडीत_खातं: रुळाला चिकटून बाइक चालवत असाल. उजवीकडे लांब राहा, नेम बसतो त्याचा. आणि जेवणाचं म्हणाल तर गेममधले दोन दिवस म्हणजे आपली ४८ मिनिटं. तेवढ्यात एक बर्गर खाल्ला तर काय बिघडलं? त्या बदल्यात शहर सोडून मोकळ्या रानात बाइक दामटता येते. व्हाइस सिटीत दहा मिनिटं सरळ गाडी हाकून दाखवा.

ओव्हरटेक: दोघंही बसा. मोस्ट वॉन्टेड (२००५) या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये पोलीस मागे लागले की घाम फुटायचा, तसा या दोन्हींत नाही. खोट एकच. कितीही पुढे गेलो तरी शेवटच्या वळणावर प्रतिस्पर्धी मागे चिकटलेलाच. मग आधीची मेहनत कशाला?

गल्ली_क्रिकेट: आणि क्रिकेट ०७? एक फटका सापडला की कव्हरमधून चौकारच चौकार, ही रड खरी. तरी लोक अजून नव्या जर्सी टाकून खेळतात राव.

रिकामटेकडा: विषय बदलू नका.

बुडीत_खातं: बरं, विषयावरच येतो. आटोपशीर म्हणता, मग छापखाना आणि इतर धंदे विकत घेऊन चालवल्याशिवाय व्हाइस सिटीचं शेवटचं मिशन का उघडत नाही?

रिकामटेकडा: शेवटचं मिशन कुणी पाहिलंय? आम्ही ‘पँझर’ हा चीट कोड टाइप करून रणगाडा फिरवायचो.