ज्युनियर लिनक्स ॲडमिनला नेमकं काय यायला हवं?

नवशिका_लातूर
नमस्कार. बीसीएस झालंय. गुरुवारी पुण्यात ज्युनियर लिनक्स ॲडमिनसाठी मुलाखत आहे. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकलंय, शंभरेक कमांड पाठ केल्यात. पण जाहिरातीत शेल स्क्रिप्टिंग, नेटवर्किंग, बॅकअप, क्लाउड असं सगळंच मागितलंय. चार दिवसांत काय पक्कं करू?

रात्रपाळी
जाहिरात बघून घाबरू नकोस. मी मुलाखत घेतो तेव्हा एकच प्रश्न लांबवत नेतो: डिस्क भरलीय, काय करशील? 'डीएफ'ने डिस्क किती भरली ते बघतो, 'डीयू'ने मोठी फाईल शोधतो, 'आरएम'ने उडवतो, इथवर बहुतेक मुलं येतात. मग विचारतो, फाईल गेली तरी जागा मोकळी झाली नाही, आता? इथे पाठांतर संपतं.

मी स्वतः इथेच आपटलो होतो. २००९ साल, रात्रीचे अडीच, मेल सर्व्हर ठप्प. मी भलामोठा लॉग (सर्व्हरच्या नोंदींची फाईल) उडवला. डीएफ तरीही १०० टक्केच. घाबरून आणखी लॉग उडवत सुटलो, आणि सकाळी साहेबांनी मागितले ते नेमके तेच. युनिक्समध्ये आरएम फक्त नाव पुसतं. एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) फाईल उघडून धरली असेल तर ती सोडेपर्यंत जागा सुटत नाही. 'एलएसओएफ' ही उघड्या फाईली दाखवणारी कमांड, तिने ती प्रोसेस दोन मिनिटांत सापडली असती. चालू लॉग उडवायचा नसतो, रिकामा करायचा असतो.

परमिशन, एसएसएच की (दूरच्या सर्व्हरवर शिरायची किल्ली), व्हीआय (टर्मिनलमधला एडिटर) हे तर हवंच. पण कशालाही हात लावण्याआधी बघायची सवय आहे का, हे मी आधी तपासतो. परवानगीची अडचण आली की ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन मोकळं होणारा मुलगा मला नको असतो.

क्रॉनवाली_ताई
माझ्याकडून दोन गोष्टी. टर्मिनलवर नीट चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) पडते, कारण तुझा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तिथे नसतो. कमांडचा पूर्ण पत्ता लिहायचा. आणि बॅकअप घेता येतो एवढंच सांगू नकोस, परत आणून बघितला आहेस हे सांग. आमच्याकडे रोज रात्री टार फाईल (अनेक फाईलींचं एक गाठोडं) बनायची. गरज पडली तेव्हा उघडली, तर आत रिकामं फोल्डर. स्क्रिप्टमध्ये लिहिलेला माउंट पॉइंट (डिस्क जोडलेलं फोल्डर) प्रत्यक्षात केव्हाच बदलला होता.

नवशिका_लातूर
धन्यवाद ताई, दादा. पण माझ्याकडे सर्व्हरच नाही, सराव कशावर करू?

रात्रपाळी
लॅपटॉप पुरे. 'डीडी'ने २०० एमबीची फाईल बनव, तिच्यावर ईएक्सटी४ ही फाईल सिस्टीम टाक आणि लूप माउंट कर, म्हणजे ती फाईल डिस्कसारखी जोड. झाली तुझी छोटी डिस्क. तिच्यात मोठी फाईल भर, दुसऱ्या टर्मिनलमध्ये तिच्यावर 'टेल -एफ' (फाईलचा शेवट दाखवत राहणारी कमांड) लाव आणि मग फाईल उडव. (साध्या युजरने भरलीस तर थोडी आधीच 'भरली' म्हणेल. ईएक्सटी४ सहसा ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य ॲडमिन युजरसाठी) राखून ठेवतं.)

नवशिका_लातूर
आत्ता केलं! आरएमनंतर डीएफ जागचा हलला नाही. टेल बंद केलं आणि लगेच जागा सुटली. एलएसओएफमध्ये त्या फाईलपुढे 'डिलीटेड' असं दिसत होतं.

रात्रपाळी
शाब्बास. आता त्याच डिस्कवर कमांड पुन्हा पुन्हा चालवणारा लूप लावून रिकाम्या फाईली बनवत जा, पन्नासेक हजार. जागा शिल्लक असूनही ती 'जागा नाही' म्हणेल. तेव्हा डीएफला '-आय' हा पर्याय लावून बघ आणि काय दिसलं ते इथे लिही.