निकेल आणि त्यामागचा कोळसा

इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद केली आणि त्यावर प्रक्रिया करणारे कारखाने स्वतःकडे खेचून आणले, हे खरंच आहे. देशाला त्याचा मोठा फायदा झाला. पण ही दुसरी बाजूही बघायला हवी.

इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरचं निकेल सापडतं ते लाल मातीत. आपल्या कोकणातला जांभा डोळ्यांपुढे आणा, साधारण त्याच कुळातली. शंभर किलो मातीत निकेल जेमतेम दीड-दोन किलो. ती माती आधी वाळवायची, मग कोळसा घालून भाजायची आणि शेवटी विजेच्या भट्टीत वितळवायची. एवढी वीज येते कुठून? त्याच बेटावरच्या मोरोवालीत कारखान्यांच्या आवारातच उभ्या केलेल्या कोळशाच्या वीजकेंद्रांतून. २०२२ च्या अध्यक्षीय आदेशाने नव्या कोळसा केंद्रांवर बंदी आली, पण खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांच्या स्वतःच्या केंद्रांना काही अटींवर सूट मिळाली. म्हणजे ज्या बॅटरीत हे निकेल जातं, ती विजेवरच्या गाडीची बॅटरी कोळशाच्या धगीवरच शिजतेय, आणि धूर खातात ते तिथल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार. मला हे फार लागतं.

शिवाय सरकारी वीज कंपनीला कोळसा टनाला ७० डॉलरच्या कमाल दराने मिळतो, बाजारभाव कितीही चढो. मग सौरऊर्जा त्याच्याशी टक्कर देणार कशी? भूगर्भातल्या उष्णतेचा इंडोनेशियाएवढा मोठा साठा असलेले देश जगात मोजकेच, आणि त्यातला बहुतेक साठा अजून तसाच पडून आहे. निकेलच्या कमाईतला ठरावीक वाटा तिकडे वळवायलाच हवा.