अंधारातल्या प्रसंगात सावळा चेहराच का गायब होतो?

निशिगंध (प्रश्न)

मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय. एका मालिकेत रात्रीचा प्रसंग होता. खोलीत दिवा नाही, खिडकीतून येणारा निळसर उजेड तेवढा. गोऱ्या नटाच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा दिसत होत्या. त्याच्याशेजारी बसलेल्या सावळ्या नटीच्या डोळ्यांतलं पांढरं आणि कानातलं, बस्स, एवढंच दिसत होतं. ती न बोलता रडत होती. शेजारी बसलेल्या माझ्या आईनं विचारलं, "ही गप्प का झाली मध्येच?" रडणं तिला दिसलंच नव्हतं.

पॉज करून जवळ जाऊन पाहिलं. गालाच्या जागी चौकोन चौकोन, केस कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना. मालिकेच्या नावापुढे मात्र फोर-के आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) असं ठळक लिहिलेलं. टीव्ही चांगला आहे, नेट अडखळत नाही. मग दोष नक्की कुणाचा? आणि प्रत्येक वेळी तोच रंग का बुडतो?

तारायंत्र

आधी टीव्हीकडे बघा. 'व्हिव्हिड' मोड असेल तर बदला. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि वीजबचत दोन्ही बंद करा, ती दोन्ही सावल्या गिळतात. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच लावा. टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या यूएचडी अलायन्स या संघटनेनं तो २०१९ साली आणला, कलाकृती जशी बनली तशी दिसावी म्हणून.

सेट-टॉप बॉक्स किंवा स्ट्रीमिंगची कांडी वापरत असाल तर रेंजही तपासा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे कुठून कुठवर धरलेत ते. व्हिडिओत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५ धरतात, कॉम्प्युटरच्या चित्रात ० ते २५५. बॉक्स ० ते २५५ पाठवतोय आणि टीव्ही १६ पासून मोजतोय असं झालं, की खालचं सगळं थेट काळंकुट्ट. दोन्हीकडे एकच सेटिंग हवं.

निशिगंध

व्हिव्हिड नव्हता, पण वीजबचत चालू होती. बंद केल्यावर भिंत आणि केस वेगळे झाले. गालावरचे चौकोन मात्र तसेच.

रंगारी

ते चौकोन टीव्हीनं केलेले नाहीत, ते फाइलमध्येच आहेत. मी डीआय करते, म्हणजे चित्रीकरण झाल्यावर रंग आणि उजेड जुळवण्याचं काम. हा विषय माझ्या रोजच्या कामातला आणि जिव्हाळ्याचा, त्यामुळे थोडं लांबेल.

फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल. त्यातून चित्राची लांबीरुंदी कळते, चित्रात जीव किती शिल्लक आहे ते कळत नाही. तो ठरतो बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो त्यावर. साध्या ब्लू-रे डिस्कवर १०८०पी (फुल एचडी) चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा असते. स्ट्रीमिंगवर त्याच्या चौपट पिक्सेल बहुतेक वेळा त्याहून कमी बिटांत बसवतात. मग कुठेतरी काटकसर आलीच, आणि ती होते अंधारात. मंद, कमी कॉन्ट्रास्टचा भाग एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबून लहान फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला, रिकामा वाटतो. तुमच्या प्रसंगात त्या रिकाम्या वाटलेल्या भागात एक बाई रडत होती.

आकड्यांत बघा. ८ बिट चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २२० पायऱ्या. रात्रीच्या प्रसंगात सावळा चेहरा समजा २५ ते ४५ च्या मध्ये आहे. म्हणजे गालाची गोलाई, नाकाची कड, ओघळलेला थेंब, सगळं वीसेक पायऱ्यांत. शेजारचा गोरा चेहरा त्याच उजेडात साठ-सत्तर पायऱ्यांवर पसरलेला असतो. एन्कोडरनं दोघांच्याही काही पायऱ्या एकत्र केल्या, तर गोऱ्या चेहऱ्याला कळतही नाही आणि सावळ्याचा ठोकळा होतो. १० बिटमध्ये पायऱ्या चौपट होतात, म्हणून एचडीआरला १० बिट लागतं. पण पुढे बिटरेटच आवळला तर त्या पायऱ्या घरापर्यंत पोचत नाहीत.

यावर उपाय नाहीत असं नाही. एक्स-२६४ या एन्कोडरमध्ये अंधाऱ्या भागाला मुद्दाम जास्त बिट देणारा पर्याय आहे. कुणीतरी तो निवडायला हवा, आणि त्यासाठी आधी कुणाच्या तरी डोळ्यांना तो चेहरा सलायला हवा. दर्जा मोजायला नेटफ्लिक्सनं २०१६ साली व्हीमॅफ नावाचं मोजमाप खुलं केलं, आज ते सगळीकडे चालतं. पण सावलीतले पट्टे, ज्याला बँडिंग म्हणतात, ते त्याला नीट पकडता येत नव्हते. त्यासाठी पुढे कॅम्बी नावाचं वेगळं मोजमाप करावं लागलं. पूर्ण फ्रेमची सरासरी उत्तम येते आणि एक चेहरा बुडालेला असतो, हे मी स्वतः पाहिलंय.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तोच रंग का. ही खोड जुनी आहे. फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं 'शर्ली कार्ड' असायचं. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिची कातडी बरोबर आली की प्रिंट बरोबर. इतरांचं काय होतं ते कुणी तपासायचं? पुढे फिल्ममध्ये गडद तपकिरी छटा सुधारल्या, त्यामागे लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा वाटा होता. माणसांच्या आधी टेबलाखुर्च्यांचं गाऱ्हाणं ऐकलं गेलं, याचा मला आजही राग येतो.

सवयी तिथूनच आल्या. कॅमेऱ्यावरची झेब्रा (ठरावीक उजेडाच्या भागावर पट्टे दाखवणारी खूण) ७० टक्क्यांवर ठेवून चेहऱ्याचं एक्स्पोजर घ्यायचं, ही पूर्वापार शिकवण गोऱ्या कातडीची. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगछटा मोजणाऱ्या यंत्रावर, कातडीची रेघ सगळ्या माणसांची जवळपास एकच येते. फरक असतो तो उजळपणाचा आणि थोडा रंगाच्या तीव्रतेचा. म्हणजे यंत्राला सावळ्या रंगाचं वावडं नाही. सेटवर आणि ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग जुळवताना, माणसं निर्णय घेतात.

तारायंत्र

पण दिग्दर्शकाला मुळात अंधारच दाखवायचा असेल तर? सगळं उजळलं की रात्र रात्र राहत नाही.

रंगारी

उजळायचं कशाला? सावळी कातडी उजेड कमी परतवते, पण चमक सुंदर धरते. मोठा मऊ दिवा किंवा नुसता पांढरा बोर्ड बाजूला उभा करून त्याचं प्रतिबिंब गालावर पाडायचं, मेकअपवाल्याला मॅट पावडर थापू द्यायची नाही. गालाच्या हाडावर एक रेघ चमकली की चेहऱ्याचा आकार उभा राहतो आणि बाकी फ्रेम खुशाल काळी ठेवता येते. एकाच फ्रेममध्ये दोन वेगळे रंग असले तर गोऱ्या नटाचा उजेड थोडा अडवायचा. सेटवर यासाठी थोडा वेळ लागतो, आणि तो मागून घ्यावा लागतो.

सेटवर राहून गेलं तर मी ग्रेडिंगमध्ये चेहऱ्यावर मास्क घालून, म्हणजे चित्रातला तेवढाच भाग निवडून, थोडं वर आणते. मात्र 'फ्रेश दिसू दे' म्हणत नटीला दोन छटा गोरं करायला सांगणारे भेटतात, ते मी करत नाही. बुडालेला चेहरा वर काढणं वेगळं आणि त्याचा रंग बदलणं वेगळं.

निशिगंध

आता कळलं. प्रेक्षक म्हणून तक्रार केली तर कुणी घेतं का?

रंगारी

मोघम 'क्वालिटी खराब' लिहिलंत तर नेट तपासा असं ठरीव उत्तर येतं. भाग कितवा, कितव्या मिनिटाला, कुठल्या उपकरणावर पाहिलं, वीजबचत बंद करूनही चौकोन राहिले, हे सगळं लिहा. पडद्याचा मोबाइलनं काढलेला फोटो सहसा देऊ नका, मोबाइल स्वतःच सावल्या उचलतो आणि भलतंच दिसतं. सदोष एन्कोड बदलून नवी फाइल चढवता येते, त्यासाठी पुन्हा शूटिंग लागत नाही. जमलं तर तोच प्रसंग दुसऱ्या टीव्हीवर पाहून तेही त्यात घाला.