मदत हवी आहे: अकरावी आयबीसाठी ग्राफिंग कॅल्क्युलेटर, जुना टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) की नवा कॅसिओ?

मुलगी नागपुरातच आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाला आहे, गणित एए एचएल (अ‍ॅनॅलिसिस अँड अ‍ॅप्रोचेस, हायर लेव्हल). सॅटही (अमेरिकन कॉलेज प्रवेशाची परीक्षा) द्यायची आहे, पण त्या परीक्षेत डेसमॉस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच मिळतो. म्हणजे खरेदी मुख्यतः आयबीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पेपरसाठीच. पहिल्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही. सीएएस (बीजगणित अक्षरांसकट आपोआप सोडवणारी सोय) असलेलं मॉडेल दोन्हीकडे बाद, त्यामुळे ते सुचवू नका.

बर्डीवर चार दुकानं पालथी घातली, सगळीकडे साधे सायंटिफिकच. आता दोन पर्याय उरलेत: ओळखीतला वापरलेला टीआय-८४ प्लस सीई किंवा ऑनलाइन नवा कॅसिओ एफएक्स-सीजी५०. कॅसिओला चार ट्रिपल-ए सेल लागतात, ते कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. टीआयची लिथियम बॅटरी मात्र वर्षभर कपाटात पडून होती. रात्रभर चार्ज केल्यावर चालू झाला, पण मागचं झाकण किंचित वर उचललेलं दिसतं. बॅटरी फुगली असावी म्हणून चार्जिंग थांबवलंय. आपल्याकडच्या मे महिन्यात तर तो धोका नकोच.

शाळेत बहुतेक मुलांकडे टीआय आहे, बाईही त्याचीच बटणं शिकवतात. ज्यांनी एचएलला सीजी५० वापरलाय त्यांनी सांगा: संभाव्यता वितरणं आणि समीकरणं सोडवताना वर्गाबरोबर राहणं जड जातं का? आणि टीआयची नवी ओरिजिनल बॅटरी नागपुरात कुठे मिळेल?