मदत हवी आहे: कर्णबधिर भाच्यासाठी सांकेतिक भाषा

भाचा साडेपाच वर्षांचा, जन्मापासून कर्णबधिर. आम्ही घरचे सगळे ऐकणारे. आमचे हातवारे ‘जेव’, ‘चल’, ‘नको’ एवढ्यावरच अडतात. परवा संत्रा बर्फीच्या डब्यात खडू भरून त्याला दाखवले. मग बाहेरून आलेल्या आजीकडे बोट करून विचारलं, हिला आत काय वाटेल? त्यानं खडूच दाखवले. (प्रश्न तरी कळला का, देव जाणे.) आजीनं आत पाहिलेलं नाही, म्हणून तिला बर्फीच वाटेल, हे ऐकणारी मुलं साधारण ४-५ वर्षांची झाली की ओळखतात, आणि कर्णबधिर आईवडिलांकडून जन्मापासून सांकेतिक भाषा मिळालेली मुलंही सहसा मागे पडत नाहीत.

ताई म्हणते, आधी तोंडानं बोलू दे. मला पटत नाही.

नागपुरात पालकांनाही भारतीय सांकेतिक भाषा शिकवणारं कुणी आहे का? मानेवाड्याकडे असेल तर उत्तमच. आणि ‘वाटतं’, ‘विसरला’, ‘माहीत नाही’ या खुणा लहान मुलांना कशा शिकवता?